इम्प्लांट करायचा ठरवताय? खुर्चीत बसण्याआधीची तयारी

दात काढावा लागला आणि डॉक्टर म्हणाले, "इम्प्लांट करून घ्या," की मनात पहिले दोन प्रश्न येतात: दुखेल का, आणि पैसे किती लागतील? दोन्ही रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं पुढे आहेत. पण इम्प्लांट टिकणार की सैल होऊन निघणार, हे बरंचसं त्याआधीच्या महिन्या-दोन महिन्यांत ठरतं. हिरड्या कशा आहेत, साखर किती आहे, तंबाखू सुटली का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हाड पुरेसं आहे का. स्क्रू बसवायला जेमतेम तासभर लागतो. आईच्या आणि नंतर आत्याच्या उपचारांच्या वेळी पुण्यातल्या दवाखान्यांत बसून जे विचारलं, समजून घेतलं, ते पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे. औषध आणि शस्त्रक्रियेचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. त्यांच्यासमोर बसल्यावर काय सांगायचं आणि काय विचारायचं, तेवढं इथून घ्या.

आधी इम्प्लांट म्हणजे काय ते समजून घ्या

दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा एक छोटा स्क्रू बसवतात, तो इम्प्लांट. त्यावर जोडणारा खुंट येतो, त्याला अबटमेंट म्हणतात. त्याच्यावर आपल्याला दिसणारा दात, म्हणजे कॅप.

स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क १९५२च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमची उपकरणं बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. काम संपल्यावर ती काढायला गेले तर निघेनात. हाडाने धातू घट्ट धरून ठेवला होता. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. हाडाने धातूला धरणं, यालाच सगळा वेळ लागतो. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात हाड जरा भुसभुशीत असल्यामुळे चार ते सहा महिने. हाडाची भर घालावी लागली तर आणखी. काही रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरता दात बसवता येतो, पण स्क्रूची पकड किती आली हे प्रत्यक्ष पाहूनच डॉक्टर तसं ठरवतात. तपासणीआधीच कुणी "तीन दिवसांत पक्के दात" असं छातीठोकपणे सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

इम्प्लांटच हवा का, हेही विचारा

एक दात गेला असेल तर ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवून पक्का बसवलेला दात) आणि काढता-घालता येणारी कवळी हेही पर्याय असतात. ब्रिजसाठी शेजारचे दोन दात घासावे लागतात. ते दात आधीच किडलेले किंवा कॅपचे असतील तर ब्रिज शहाणपणाचा ठरू शकतो. ते अगदी निरोगी असतील तर त्यांना हात न लावता होणारा इम्प्लांट माझ्या मते जास्त बरा. कवळी स्वस्त पडते, पण खालच्या जबड्यात ती हलते, हे घरात कुणी वापरत असेल तर तुम्ही पाहिलंच असेल. पूर्ण कवळीखाली दोन इम्प्लांट बसवून तिला बटणासारखं अडकवण्याचीही सोय असते. सगळ्या दातांचा खर्च झेपत नाही त्यांनी ही सोय विचारून पाहावी. तिच्याबद्दल फार कमी लोकांना कुणी सांगतं.

वयाची वरची मर्यादा नाही. तब्येत चांगली असेल तर पंचाहत्तरीतही इम्प्लांट होतो. खालची मर्यादा मात्र आहे: जबड्याची वाढ पूर्ण झालेली हवी. म्हणून खेळताना दात गेलेल्या शाळकरी मुलाला डॉक्टर थांबायला सांगतात. गरोदरपणातही हे काम पुढे ढकलतात.

दात काढून झाला असेल तर फार वर्षं रेंगाळू नका. दात गेला की त्याखालचं हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीच पहिल्या तीन महिन्यांत. दात अजून काढायचा असेल तर काढण्यापूर्वीच इम्प्लांटचा विषय काढा. म्हणजे काढतानाच त्या खड्ड्यात हाडाची पावडर भरून जागा राखायची का, हे डॉक्टरांना ठरवता येईल.

तोंड आधी निरोगी करा

हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, तोंडाला वास येतो, म्हणजे पायरिया. तो तसाच ठेवून इम्प्लांट बसवला तर तेच जंतू नव्या स्क्रूभोवतीच्या हिरडीत आणि हाडात शिरतात. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण त्याच्या भोवतीचं हाड झिजून तो सैल होऊ शकतो. म्हणून आधी स्केलिंग, म्हणजे दातांवरचा साचलेला थर काढणं, गरज असेल तर हिरड्यांची खोल सफाई, आणि बाकी किडलेल्या दातांचे उपचार. यात महिना-दीड महिना सहज जातो. "आधी इम्प्लांट करा, बाकीचं नंतर बघू," असा आग्रह रुग्णच धरतात. कृपा करून तुम्ही धरू नका.

आता तंबाखू. हे जरा विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडे यात एक मोठी पळवाट आहे. "तंबाखू खाता का?" असं डॉक्टरांनी विचारलं की कितीतरी आज्या, मावश्या ठामपणे "नाही" म्हणतात, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे, आणि ती थेट हिरडीवर चोळली जाते. तपकीर लावणं, मळून गालात धरलेली चिमूट, मावा, गुटखा, सिगारेट, बिडी, सगळं सांगायचं. सुनेसमोर किंवा मुलासमोर सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना एकटीने भेटायचं आहे असं म्हणा. कुणालाही त्यात गैर वाटणार नाही. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीला आणि हाडाला रक्त कमी पोचतं, जखम सावकाश भरते. तंबाखू घेणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जास्त असतं ते त्यामुळेच.

निदान दोन आठवडे आधी आणि दोन महिने नंतर पूर्ण बंद, एवढं तरी ठरवा. कायमची सुटली तर त्याहून चांगलं काय! एकट्याने जमत नसेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथे समुपदेशक बोलतात. निकोटिनच्या गोळ्या किंवा चघळायचे गम घ्यायचे असतील तर दंतवैद्यांना सांगून घ्या, कारण त्यांतही निकोटिन असतंच.

गुटखा, सुपारी बरीच वर्षं खाल्ली असेल तर आरशासमोर उभं राहून आपली तीन बोटं उभी एकावर एक ठेवून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर तोंड उघडणं कमी झालं आहे. मागच्या दाढेच्या जागी हत्यारं पोचायला तेवढी जागा लागते, आणि तोंड आखडणं हा स्वतंत्रपणे दाखवण्याचा आजार आहे. इम्प्लांटचं नंतर बघता येईल. हे आधी दाखवा.

रात्री झोपेत दात खाण्याची सवय आहे का, हे स्वतःला कळत नाही. खोलीत झोपणाऱ्याला विचारा आणि डॉक्टरांना सांगा. इम्प्लांटला नैसर्गिक दातासारखी लवचीक गादी नसते, त्यामुळे रात्रभराच्या दाबाने स्क्रू सैल होऊ शकतो किंवा कॅपचा टवका उडू शकतो. अशांना रात्री घालायचा गार्ड बनवून देतात.

आजार आणि गोळ्यांचा कागद

एका कागदावर सगळं लिहून काढा. आठवेल तसं खुर्चीत बसून सांगण्यात नेमकी महत्त्वाची गोष्ट सुटते.

मधुमेह असेल तर एचबीएवनसी, म्हणजे "तीन महिन्यांची साखर", ताजी तपासून घ्या. ती ७च्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर निर्धास्तपणे पुढे जातात. ८च्या वर असेल तर आधी साखर ताब्यात आणायला सांगतात. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होत नाही, हा गैरसमज आहे. अट असते ती साखर ताब्यात असण्याची. आदल्या दोन दिवसांत गोड सोडून उपाशीपोटीची साखर कमी आणली तर तीन महिन्यांचा आकडा त्याला फसत नाही. म्हणून मधुमेही माणसाने तयारी तीन महिने आधी सुरू करावी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: अँजिओप्लास्टी झालेल्यांची अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हृदयाची झडप बदललेल्यांची किंवा ठोके अनियमित असणाऱ्यांची वॉरफरिन आणि नव्या पिढीच्या गोळ्या. या स्वतःहून बंद करू नका. शेजारच्या काकांनी "मी तर पाच दिवस आधी बंद केली होती" असं सांगितलं तरी नाही. एका इम्प्लांटचं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं; अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते जिवावर बेततं. दंतवैद्यांकडून हृदयरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी घ्या आणि त्यांचं उत्तर लेखी आणा. वॉरफरिन चालू असेल तर ताजा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, लागेल.

हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. कारण ती रोज घ्यायची नसतात. अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची बाटली वर्षातून एकदा सलाइनमधून, डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांनी. "सध्या काय औषध चालू आहे?" या प्रश्नाला मग आजी सांगते, बीपीची एक गोळी. या औषधांमुळे हाडाची झीज थांबते, पण जबड्यातली जखम न भरण्याचा, हाड उघडं पडण्याचा धोका काही जणांत निर्माण होतो. कर्करोगासाठी याच औषधांचे मोठे डोस घेतलेल्यांना तो कितीतरी जास्त असतो. किती वर्षं घेतलं, शेवटचा डोस कधी झाला, हे जुन्या फाइलमधून शोधून लिहा. आणि इथेही स्वतःहून थांबवू नका. डेनोसुमॅब अचानक बंद केलं तर मणक्याची हाडं मोडण्याचा धोका असतो. अस्थिरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी एकमेकांशी बोलूनच हा निर्णय व्हायला हवा.

डोक्याला किंवा मानेला रेडिएशन दिलं गेलं असेल, स्टेरॉइड चालू असेल, पेनिसिलीनची किंवा दुसऱ्या कशाची अ‍ॅलर्जी असेल, पूर्वी भुलीचा त्रास झाला असेल, तर तेही लिहा. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून सुरू केलेलं, सगळं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्या करा. पन्नाशीच्या पुढे ईसीजीही मागतात.

स्कॅन

साधा छोटा एक्स-रे किंवा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, सपाट चित्र देतो. हाडाची रुंदी त्यात दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन करतात. उभ्याने किंवा बसून, काही सेकंदांत होतो, इंजेक्शन नसतं. कानातलं, नथ, गळ्यातलं, केसांतल्या पिना, काढता येणारी कवळी, सगळं काढून ठेवावं लागतं, त्यामुळे दागिने घरीच ठेवून जा. किरणांची मात्रा ओपीजीपेक्षा जास्त, पण रुग्णालयातल्या सीटी स्कॅनपेक्षा खूप कमी असते.

स्कॅनमध्ये डॉक्टर दोन गोष्टींकडे खास पाहतात. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर अंतर राखतात. वरच्या दाढांच्या वर सायनसची, म्हणजे नाकाशी जोडलेली हवेची, पोकळी असते. तिथे हाड कमी असेल तर पोकळीचं अस्तर उचलून हाड भरावं लागतं, यालाच सायनस लिफ्ट म्हणतात. तुमच्या स्कॅनवर ही नस आणि ही पोकळी दाखवायला सांगा. चांगले डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून दाखवतात.

स्कॅनच्या नुसत्या छापील फिल्मवर समाधान मानू नका. मूळ डिजिटल फाइल पेनड्राइव्हवर किंवा लिंकने घ्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं झालं तर पुन्हा किरणं आणि पुन्हा खर्च नको.

हाडाची भर घालायची म्हटलं तर आणखी एक प्रश्न विचारा, जो बरेच शाकाहारी आणि जैन कुटुंबांतले लोक नंतर कळल्यावर हळहळत विचारतात: ही पावडर कशापासून बनलेली आहे? बाजारातली पुष्कळ पावडर गाईबैलांच्या हाडांवर प्रक्रिया करून तयार होते, काही मानवी दात्याच्या हाडापासून, आणि काही पूर्ण कृत्रिम असते. त्या पावडरीवर घालायचा पातळ पडदाही अनेकदा गाईच्या किंवा डुकराच्या कोलॅजेनचा असतो. तुमच्या श्रद्धेत हे बसत नसेल तर आधी सांगा. कृत्रिम पर्याय किंवा रुग्णाचं स्वतःचं हाड वापरण्याचा विचार होऊ शकतो. ही विचारणा करताना अवघडून जायचं कारण नाही.

पुण्यात कुणाकडे जायचं

कुणा एका दवाखान्याचं नाव मी सुचवणार नाही. निकष सांगते. कायद्याने बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, झालेले दंतवैद्यही इम्प्लांट करू शकतात, आणि काही फार उत्तम करतात. पण हाड कमी असेल, अनेक दात असतील किंवा आजार गुंतागुंतीचे असतील तर त्या विषयातले एमडीएस, म्हणजे पुढचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तज्ज्ञ, हवेत: शस्त्रक्रियेसाठी ओरल सर्जन किंवा हिरड्यांचे तज्ज्ञ पेरिओडॉन्टिस्ट, स्क्रूवर बसणाऱ्या दातासाठी कृत्रिम दातांचे तज्ज्ञ प्रॉस्थोडॉन्टिस्ट. अनेक दवाखान्यांत सर्जन बाहेरून ठरलेल्या दिवशी येतात. त्यात वावगं काही नाही. फक्त विचारून ठेवा: स्क्रू कोण बसवणार, दात कोण बसवणार, आणि रात्री रक्त थांबलं नाही तर फोन कुणाला करायचा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो, तो पाहा.

खर्च परवडणं कठीण असेल तर दंत महाविद्यालयांकडे जरूर जा. पुण्यात ती बरीच आहेत: धनकवडीत भारती विद्यापीठाचं, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, वडगाव बुद्रुकला सिंहगडचं, पिंपरीत डी. वाय. पाटीलचं. पिंपरीच्या महाविद्यालयाला मेट्रोचं संत तुकारामनगर स्थानक जवळ आहे. तिथे एमडीएसचे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, दर खासगी दवाखान्यांपेक्षा सहसा कमी असतात. वेळ मात्र जास्त जातो: केसपेपर, विभागांमधल्या फेऱ्या, प्रत्येक टप्प्यावर सरांची तपासणी. पाण्याची बाटली, जुनी फाइल आणि मोकळी सकाळ घेऊन जा. ज्येष्ठांना एकटं पाठवू नका.

खर्च लेखी घ्या

पुण्यात एका दाताचा खर्च ढोबळमानाने पंचवीस-तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत सांगितला जातो, कंपनी आणि कॅपनुसार त्याच्याही पुढे. पण "इम्प्लांट इतक्याला" हे वाक्य पुरेसं नाही, कारण त्यात काय धरलं आहे हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. जाहिरातीतला कमी आकडा कधी नुसत्या स्क्रूचा असतो. कागदावर वेगवेगळं लिहून मागा: स्कॅन, दात काढणं, हाडाची पावडर आणि पडदा, स्क्रू आणि त्याची कंपनी, अबटमेंट, कॅप कशाची आहे, धातूवर सिरॅमिक की झिर्कोनिया (धातू नसलेलं पांढरं, कठीण सिरॅमिक), मधल्या काळातला तात्पुरता दात, पुढच्या तपासण्या. आणि शेवटी एक ओळ: हाडाने स्क्रू धरला नाही तर पुन्हा बसवताना काय आकारणार?

स्ट्रॉमन, नोबेल बायोकेअर या युरोपातल्या जुन्या कंपन्या महाग आहेत. ऑस्टेम, डेंटियम या कोरियन आणि अल्फा-बायोसारख्या इस्रायली कंपन्यांचे स्क्रू मधल्या किमतीत मिळतात. महागातला घ्याच असं मी म्हणणार नाही. कंपनी अशी हवी, जिचे भाग दहा वर्षांनीही मिळतील. "लाइफटाइम वॉरंटी" ही बहुधा कंपनीने स्क्रूच्या धातूला दिलेली असते. शस्त्रक्रिया, कॅप आणि तुमचा वेळ तीत येत नाही.

आरोग्यविम्यावर भिस्त ठेवू नका. बहुतेक पॉलिसींमध्ये अपघाताने झालेली इजा सोडून दातांचे उपचार वगळलेले असतात.

तारीख

हाताशी कॅलेंडर घेऊन बसा. परदेशातल्या मुलाकडे सहा महिने जायचं असेल तर स्क्रू बसवून टाके निघाल्यावर जाता येतं, आणि परत आल्यावर कॅप. पण निघण्याच्या आधल्या आठवड्यात शस्त्रक्रिया नको. सायनस लिफ्ट झाली असेल तर काही आठवडे विमानप्रवास टाळायला सांगतात, नेमके किती ते डॉक्टरांना विचारा. त्याच काळात नाक जोराने शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, आणि जलनेती, कपालभाती, भस्त्रिका बंद. योगवर्गाला जाणाऱ्यांना हे आठवणीने सांगावं लागतं.

पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दिवस आणि गणेश विसर्जनाच्या आसपासचे दिवस टाळा. पेठांतले रस्ते बंद असतात आणि अचानक रक्त आलं तर दवाखाना गाठणं अवघड होतं. दिवाळीच्या तोंडावरही नको. घरात चकली, कडबोळी, चिवडा असताना पेज पीत बसायचं, आणि पाहुण्यांचा आग्रह वेगळा. घरी लग्न असेल तर दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, कारण गालाला सूज येते आणि कधी निळसर डागही पडतो.

पुण्यातले बरेच दवाखाने दुपारी बंद असतात, सकाळ आणि संध्याकाळ उघडतात. सकाळची वेळ घ्या. काही त्रास वाटला तर त्याच संध्याकाळी दाखवता येतं. शनिवारी संध्याकाळची तर मुळीच नको.

आदला दिवस आणि तो दिवस

आदल्या दिवशी औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवरचं सगळं आणून ठेवा. फ्रीजमध्ये बर्फ लावा. घरात शिजवायला हे असू द्या: मऊ भात आणि मेतकूट, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, दही, ताक, केळी, उकडलेला बटाटा, अंडी खात असाल तर मऊ भुर्जी. पहिले दोन दिवस गार किंवा कोमटच, तिखट नाही. भाकरी, शेंगदाणे, फरसाण, बाकरवडी, तीळ घातलेली चटणी आठवडाभर दूर. तिळाचा दाणा टाक्यात अडकला की निघत नाही. स्ट्रॉने काही प्यायचं नाही, शहाळ्याचं पाणीही नाही, कारण ओढण्याने जखमेवरची गुठळी निघू शकते. शहाळं घरी आणा आणि पेल्यात ओता.

नेहमीची भूल, म्हणजे नुसती जागा सुन्न करणारी, असेल तर पोटभर नाश्ता करून जा. संकष्टी असो वा एकादशी, त्या दिवशी उपास नको. रिकाम्या पोटी घेरी येते आणि अँटिबायोटिकही सोसत नाही. उपास मोडायला मन घेत नसेल तर तारीखच वेगळी घ्या. गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर मात्र किती तास उपाशी राहायचं ते डॉक्टर सांगतील आणि ते काटेकोर पाळायचं. बीपीची सकाळची गोळी सहसा चुकवायची नसते. मधुमेहाच्या गोळीचं आणि इन्शुलिनचं आदल्या दिवशी विचारून घ्या.

ब्रश करून, सैल कपडे घालून, सोबत कुणाला तरी घेऊन जा. दुचाकी नको. सुजलेल्या गालावर हेल्मेट दाबतं आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला टाका ओढला जातो. परतताना रिक्षा किंवा गाडी.

दुखेल का? भूल दिल्यावर दाब जाणवतो, ड्रिलची घरघर डोक्यात वाजते, थंड पाणी उडत राहतं. कळ येत नाही. आली तर हात वर करा, ते आणखी भूल देतात. भीती वाटते हेही सुरुवातीलाच सांगून टाका. बऱ्याच जणांना दात काढण्यापेक्षा हे सोपं गेलं असं नंतर वाटतं. खरं दुखणं भूल उतरल्यावर सुरू होतं, म्हणून वेदनाशामक गोळी भूल उतरायच्या आतच घ्यायची, डॉक्टर सांगतील तशी.

पहिला आठवडा

कापसाचा बोळा सांगितला तितका वेळ दाबून ठेवा. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. लाळ जराशी गुलाबी दिसेल, ती गिळा. बाहेरून बर्फ, मध्ये मध्ये थांबून. दोन उशा घेऊन झोपा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला असेल तर सांगितले तितकेच दिवस वापरा. चहा-कॉफीबरोबर त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. लवंगतेल, हळद, तुरटी जखमेवर लावू नका, आजीने कितीही प्रेमाने सांगितलं तरी.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. पर्वती चढणं, सिंहगड, जिम हे आठवडाभर बंद. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात.

या गोष्टी झाल्या तर वाट न पाहता फोन करा: दाबून ठेवूनही रक्त थांबत नाही, चौथ्या दिवसानंतर सूज किंवा दुखणं वाढतं आहे, ताप, पू. आणि भूल उतरायला हवी होती तरी ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशी सकाळीही बधिर आहे. हे शेवटचं लोक "उतरेल हळूहळू" म्हणून सोडून देतात. नसेवर दाब असेल तर पहिले काही तास-दिवसच महत्त्वाचे असतात.

मधले महिने आणि नंतर

या काळात काहीच दुखत नाही, त्यामुळे तपासणीला जाणं टळतं. टाळू नका. त्या जागेवर तात्पुरती कवळी घालत असाल आणि ती टोचत असेल तर ताबडतोब दाखवून तिथून घासून घ्या. तो दाब खालच्या स्क्रूला पोचतो. मिश्री, सिगारेट याच महिन्यांत पुन्हा सुरू होते, घरच्यांनी इथे साथ द्यावी.

कॅप बसवल्यावर चावताना ती इतर दातांच्या आधी लागत असेल तर तिथल्या तिथे सांगा, "सवय होईल" म्हणून गप्प बसू नका. स्क्रूच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असलेला स्टिकर असतो. तो कार्डावर चिकटवून मागून घ्या आणि फोटो मोबाइलवर ठेवा. उद्या नागपूरला किंवा न्यू जर्सीला असताना अबटमेंट धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरांना तो घट्ट करायला कुठलं हत्यार लागेल हे त्या स्टिकरवरूनच कळतं. एमआरआय करायची वेळ आली तर इम्प्लांट आहे हे सांगा. टायटॅनियममुळे सहसा अडचण येत नाही.

सफाईसाठी मऊ ब्रश, दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश, आणि ब्रिज असेल तर त्याखालून ओवायचा जाड फ्लॉस, रोज रात्री. बोटं थरथरणाऱ्या ज्येष्ठांना पाण्याच्या झोताचं यंत्र सोपं पडतं. दर सहा महिन्यांनी तपासणी, डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे. इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजली, ब्रश करताना तिथून रक्त आलं, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा.